गार्डाकाठचा सप्टेंबर

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या हायपरमार्केटमध्ये इटलीची द्राक्षं येतात आणि माझं डोकं फिरतं. तसं त्या जागी वर्षभर कुणाची ना कुणाची द्राक्षं असतातच. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडची येतात, एखाद वेळी थेट आमच्या सांगलीकडचीही. ती मी हातात घेते, देठ हिरवा आहे का बघते, घड नाकाशी धरते आणि गरज नसताना दोन पेट्या उचलते. पण सप्टेंबरमध्ये त्याच फळीवर इटलीचं नाव दिसलं की मी ट्रॉली वळवून कांदे-बटाट्यांकडे निघते. माझी मुलगी रेवा चौदा वर्षांची आहे. ती मागून म्हणते, "ममा, दे आर जस्ट ग्रेप्स." मी कांदे निवडायला लागते.

बाहेर पार्किंगमध्ये आलं की चष्म्यावर वाफ धरते. इथले जुने लोक म्हणतात, सुहैल तारा उगवला की उन्हाळा मोडला समजायचं. उगवत असेल. आम्हाला दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधून तो दिसत नाही, एसीचं पाणी तेवढं टपकताना दिसतं. आमच्या बिल्डिंगा ज्या भागात आहेत त्याला कुणीतरी मेडिटरेनियन असं नाव ठेवलंय. धूळ बसलेली बोगनवेल, मांजरं आणि मेडिटरेनियन. पूर्वी मला याचं हसू यायचं.

आणि याच आठवड्यात पराग सरांचं आमंत्रण येतं.

पराग सर म्हणजे माझ्या नवऱ्याचे, संजयचे साहेब. शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे, तिथे संजय प्रॉडक्शन बघतो आणि पराग सर सगळ्यांकडे बघतात. मूळचे पुण्याचे, हे भेटल्यावर पाच मिनिटांत ते स्वतःच सांगतात. दिवसभर शारजात, जिथे दारूचा थेंब चालत नाही, तिथे खोकी करायची आणि संध्याकाळी दुबईतल्या व्हिलात परतून ग्लास उजेडासमोर धरायचा, असं त्यांचं आयुष्य आहे. माझी त्यालाही हरकत नाही. माझी हरकत त्यांच्या 'गार्डा इव्हनिंग'ला आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्यासकट तीन कुटुंबांना इटलीत गार्डा सरोवराकाठी द्राक्षमळे बघायला नेलं होतं. तेव्हापासून दर सप्टेंबरला व्हिलात चार बाटल्या उघडतात, चीजचे तुकडे काड्यांना टोचून ठेवतात आणि त्या सहलीच्या गोष्टी पुन्हा सांगतात. त्यातली एक गोष्ट माझ्या वडिलांची आहे.

तीन वर्षं झाली, अण्णा माझ्याशी बागेबद्दल बोलत नाहीत.

हे बाहेरच्याला फार मोठं वाटणार नाही, म्हणून सांगते. अण्णांची तासगावाकडे द्राक्षाची बाग आहे. लग्न होऊन मी इथे आले त्याला एकवीस वर्षं झाली, आणि इथे राहून मला ऋतू फोनवर कळायचे. या देशात दोनच ऋतू, एसीचा आणि बिनएसीचा. पण रविवारी सकाळी फोन वाजायचा आणि अण्णा 'हॅलो'च्या आधी म्हणायचे, "अक्के, फुटवं निघालं." मी घरातली थोरली, म्हणून अक्का. मग काही दिवसांनी, "घड दिसाय लागलं." मग थंडीत, "पाणी उतरलं बघ मण्यात," म्हणजे हिरवा टणक मणी मऊ पडून गोड व्हायला लागला. आईची तब्येत, भावाचं भांडण, गावातली लग्नं हे सगळं त्याच्यानंतर. आधी बाग. मी किचनमध्ये डाव्या खांद्यात फोन धरून पोळ्या लाटायची आणि मला ओलसर मातीत उभं राहिल्यासारखं वाटायचं.

आता मी विचारते, "बाग कशी आहे, अण्णा?" ते म्हणतात, "बरी हाय." आणि मग रेवाची शाळा, संजयची तब्येत, दुबईत पाऊस झाला म्हणे टीव्हीवर. एखाद्या परक्या माणसाशी बोलावं तसं नीट, सगळं विचारून बोलतात. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सहलीचा तो सप्टेंबर आई गेल्याच्या पुढल्या वर्षीचा. अण्णा घरात एकटे बसून असायचे, म्हणून मी हट्टाने बोलावून घेतलं. इटलीचे कागद मुंबईहून करून घेतले. "ऑक्टोबरच्या छाटणीआधी मला परत सोडा," एवढी एकच अट त्यांनी घातली होती. दुबईत आम्ही त्यांना सगळं दाखवलं. मोठ्या कारंज्यासमोर गर्दीत उभं राहून रेवा त्यांचा हात हलवत म्हणाली होती, "आजोबा, ब्यूटिफुल ना?" आणि ते म्हणाले होते, "व्हय, लई." मग हळूच मला विचारलं होतं, "एवढं पाणी उडवत्यात, खाली परत जातंय का वाया जातं?"

गार्डा मात्र त्यांना खरंच आवडलं असावं. विमानतळावरून भाड्याच्या व्हॅनने निघालो तेव्हा पराग सर पुढे बसून माईकवर बोलावं तसं बोलत होते. ही जमीन हिमनदीने आणलेली, इथला वारा असा, म्हणून इथली वाईन तशी. उंटावरून शेळ्या हाकणं मी अमिरातीत अठरा वर्षं राहून प्रथम तिथे पाहिलं. अण्णा मागच्या सीटवर काचेला नाक लावून बसले होते. ऑलिव्हची झाडं, मग निळं पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, आणि उतारावर ओळीच्या ओळी वेली. अण्णांनी त्यातलं पाणी बघितलं नाही, डोंगर बघितला नाही. ते वेलींच्या तारा बघत होते. "बुटकी बाग हाय. मांडव न्हाई केला. दोन तारांवर भागवलंय," ते मला म्हणाले. मी "हं" म्हणाले, कारण पुढे पराग सर बोलत होते.

मळ्यात तोडणी चालू होती. लाल प्लास्टिकचे क्रेट, गुडघ्यावर बसलेली माणसं, कात्र्यांचा चिकचिक आवाज. गोदामाच्या दारातून आंबलेल्या रसाचा जड वास येत होता आणि त्या वासावर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. आमच्याकडे तोडणीच्या वेळी असा वास कधी येत नाही, आला तर घरात सुतक पडल्यासारखं होतं. अण्णांनी वाकून एक गोटा उचलला, झटकला, परत ठेवला. एक घड तळहातावर तोलला. काळे, बारीक, गच्च मणी. "ह्याला बाजारात कोन घेनार?" म्हणाले आणि लगेच स्वतःच म्हणाले, "पर ह्यास्नी बाजारच न्हाई, नव्हं का. रसच काढायचा." त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख आयुष्यभर घडातले मणी विरळून वाकडं झालंय. त्या नखाने ते चालता चालता प्रत्येक वेलीची बगलेत फुटलेली कोवळी फूट टचकन खुडत होते. त्यांना ते कळतही नसेल. आपण रस्त्यात दिसलेला देव बघून हात छातीशी नेतो तसं.

पराग सरांना ते दिसलं. ते हसत हसत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वैशाली, जरा काकांना सांग, प्लीज डोन्ट टच. प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे, ऑकवर्ड होतं." मी अण्णांकडे गेले आणि जत्रेतल्या पोराला दटावावं तशी म्हणाले, "अण्णा, हात खिशात ठेवा." त्यांनी खरंच हात खिशात घातले. सत्तर वर्षांचा माणूस, द्राक्षाच्या ओळीत, खिशात हात घालून उभा होता. हे चित्र मला सप्टेंबरमध्ये कुठेही दिसतं, सिग्नलला, लिफ्टमध्ये.

पण हात काही खिशात राहिले नाहीत. चार-पाच वेली पुढे जाऊन त्यांनी एक पान तोडलं, उलटं केलं, उजेडाला धरलं. पानाच्या खाली पांढरी बुरशी होती. ओळीतून मळ्याचा मालक चालत आला. अण्णांच्याच वयाचा म्हातारा, तशीच मळकी टोपी, तशीच नखं. त्याने अण्णांच्या हातातलं पान बघितलं, अण्णांच्या तोंडाकडे बघितलं आणि भराभर काहीतरी विचारलं. आम्हाला मळा दाखवणारी मुलगी त्याचीच लेक होती. ती मला इंग्रजीत म्हणाली, माझे वडील विचारतायत, यांना काय दिसलं? म्हणतायत, हा माणूस जाणकारासारखा बघतोय.

मी अण्णांना म्हटलं, "ते विचारतायत, कसं वाटलं."

अण्णा एकदम जागे झाल्यासारखे बोलले. आई गेल्यापासून इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "त्यास्नी सांग, दावण्या आलाय. ह्या ओळीत हाय, पुढल्यात न्हाई, म्हंजी पाणी हितंच साचतंय. पानं काढून जाळा म्हनावं. आन पुढल्या साली बोर्डोचा फवारा लवकर मारा. आन इचार की, त्यांच्यात ह्याला काय म्हंत्यात?"

दावण्या म्हणजे तीच ती पांढरी बुरशी. आमच्याकडे तिच्या नावाने घरात चूल पेटत नाही. पण माझ्यामागे पराग सर घड्याळ बघत उभे होते, वाईन चाखायची अकराची वेळ ठरली होती, आणि पाहुण्याने जाऊन यजमानाला तुझ्या मळ्यात रोग आहे असं कसं सांगायचं? संजय भुवया उंचावून मला 'यल्ला', चल आता, अशी खूण करत होता. मी त्या मुलीला म्हणाले, "ही सेज इट्स ब्यूटिफुल."

तिने ते तिच्या वडिलांना सांगितलं. म्हाताऱ्याने पुन्हा पानाकडे बघितलं, पुन्हा अण्णांकडे बघितलं, 'आ' असा काहीतरी आवाज काढला आणि त्यांच्या खांद्यावर थोपटून निघून गेला. माझं काही फार चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. अण्णांना इंग्रजी येत नाही. दोघांचाही मान राहिला, वेळही वाचला.

खरा घाव पुढे बसला, असं मी तीन वर्षं मानत आले.

चव घ्यायच्या खोलीत लांब लाकडी टेबल होतं. प्रत्येकापुढे चार ग्लास, मध्ये ब्रेड, आणि टेबलाच्या दोन्ही टोकांना पितळी बादल्या. चव घ्यायची आणि थुंकायचं, ही तिथली रीत. अण्णांनी बादलीत डोकावून बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, "आपल्याकडं थुंकू नका म्हनून बोर्ड लावत्यात." मला हसू आलं, पण मी दाबलं. पराग सरांनी ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "चेरी... थोडं लेदर... आणि शेवटी ओला दगड." सगळ्यांनी माना हलवल्या. त्या टेबलावर ओला दगड चाटून पाहिलेला एकही माणूस नव्हता. अण्णा सोडून कुणी ओल्या दगडांवर अनवाणी चाललंही नसेल. पण सगळ्यांना तो दगड लागला, संजयला लागला, मलाही लागला, मी तसं बोलूनही दाखवलं.

अण्णांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. त्यांनी ग्लासवर तळहात ठेवला. नको म्हणायची आपल्याकडची रीत, जेवताना वाढप्याला ताटावर हात आडवा धरून थांबवतो तीच. पराग सर टेबलाच्या त्या टोकावरून म्हणाले, "काका, जिंदगीभर द्राक्षं पिकवली आणि चव घेतली नाही? म्हणजे तुम्ही द्राक्षांचे हमालच की हो." नऊच्या नऊ माणसं हसली. अण्णाही हसले. मी पण हसले. ही पराग सरांची गोष्ट. दर सप्टेंबरला व्हिलात ती सांगितली जाते, ग्लासवर हात ठेवण्याच्या नकलेसकट, आणि दर वर्षी तो हात थोडा जास्त थरथरतो.

संध्याकाळी सरोवराकाठी सगळे आईस्क्रीम खात होते. अण्णा बाकावर बसले होते, बदकं बघत. मी शेजारी बसले. म्हटलं, "यंदा छाटणी कधी धरणार?" ते म्हणाले, "बघू." आठवड्याने दुबईहून ते परत गेले, आणि ऑक्टोबर आला, फुटवे निघाले असतील, घड दिसले असतील. मला कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून मी पराग सरांवर दात धरून आहे. मनातल्या मनात मी त्यांना इतक्या वेळा सुनावलंय की माणूस भेटला की मला वाटतं, आत्ताच तर भांडण झालं. त्यांनी एका वाक्यात माझ्या बापाला हमाल केलं, आणि मला त्या हमालाची मुलगी, जी साहेबांबरोबर हसली. संजयला सांगितलं तर म्हणतो, "सोड ना. खलास झालं ते. माणूस वाईट नाहीये." वाईट नाहीतच. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

यंदा आमंत्रणाबरोबर मला वेगळा मेसेज होता. "वैशाली, धिस इयर तू दोन मिनिटं बोल. यू आर अवर रिअल ग्रेप गर्ल!" मी फोन सोफ्यावर फेकला. संजय म्हणाला, "जावं लागेल. बोलू नकोस हवं तर, पण जावं लागेल." गाडीत रेवाने विचारलं, "व्हाय आर यू सो अँग्री एव्हरी सप्टेंबर?" संजयने रेडिओ लावला.

व्हिलात तेच सगळं. चीज, काड्या, उजेडासमोर ग्लास. दोन नवीन कुटुंबं होती, म्हणजे गोष्ट नव्याने सांगायला श्रोते होते. पराग सरांनी सुरुवात केली, "तर आमच्या वैशालीचे वडील..." आणि हात ग्लासवर ठेवला.

मी म्हणाले, "सर, ही गोष्ट आता पुरे. माझ्या वडिलांची नक्कल माझ्यासमोर करायची नाही. माझ्या माघारीही करायची नाही."

आवाज मला वाटला होता तितका चढला नाही. कुणाच्या तरी हातातली काडी तशीच राहिली. पराग सरांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता, आणि त्याचाही मला राग आला. ते म्हणाले, "अगं, इट वॉज ऑल इन गुड ह्यूमर. काका स्वतः हसले होते. आणि त्या दिवशी किती खूश होते ते. बागेत त्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत होते. तूच तर सांगितलंस, ब्यूटिफुल म्हणाले."

"त्या बागेत रोग होता," मी म्हणाले. सगळ्यांना वाटलं, मी विषय बदलतेय. थोड्या वेळाने कुणीतरी शाळेच्या फीचा विषय काढला आणि इव्हनिंग पुढे सरकली. परतताना संजयने गाडीत पुन्हा रेडिओ लावला. मला मात्र हलकं वाटत होतं. तीन वर्षं उशिरा का होईना, बापाच्या बाजूने बोलले.

शनिवारी सकाळी उठल्या उठल्या अण्णांना फोन लावला. यंदा त्यांनी छाटणी लवकर धरली होती, हे भावाकडून कळलं होतं. ते बागेतच होते. कात्रीचा आवाज येत होता, मध्येच छाटलेली काडी पडल्याचा. मी घाईघाईने सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणाले, सगळे कसे गप्प झाले.

अण्णा म्हणाले, "कशाची नक्कल?"

"ग्लासावर हात ठेवलात ती. तुम्हाला हमाल म्हणाले होते ते, चव घेताना."

"ते व्हय," अण्णा म्हणाले. "ते कवाच इसरलो की. त्यात काय. हमाली केलीच की जन्मभर. कशापायी भांडलीस साहेबासंगं? जावयाची नोकरी हाय तिथं."

तीन वर्षं ज्या एका वाक्यावर मी राग पोसला, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी म्हटलं, "मग माझ्याशी बागेचं का बोलत नाही तुम्ही? इटलीहून आल्यापासून एक शब्द बोलला नाहीत. काय झालंय, खरं सांगा."

पलीकडे कात्री थांबली. मला वाटलं, फोन कट झाला.

"आगं, त्या म्हाताऱ्याला खरं ऐकायचं हुतं," अण्णा शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू इचारतीस नव्हं दर बारीला, बाग कशी हाय?"

"हो."

"ब्यूटिफुल हाय," अण्णा म्हणाले, आणि कात्री पुन्हा सुरू झाली.